ऑनलाइन दुकानाची थीम कशी निवडावी

आपला माल दलालाच्या हातीं न देतां थेट गिऱ्हाइकास विकावा, ह्या हेतूनें अनेक बागाईतदार व शेतकरी-संस्था आतां स्वतःचें ऑनलाइन दुकान उघडीत आहेत. दुकान काढतेवेळीं जे निर्णय आरंभींच घ्यावे लागतात, त्यांत थीमचा, म्हणजे दुकानाच्या दर्शनी मांडणीचा, निर्णय महत्त्वाचा होय. हा प्रश्न निव्वळ शोभेचा आहे असें समजून पुष्कळ लोक तो दुकान बांधून देणाऱ्या कारागिरावर सोंपवितात. परंतु विक्री होणें न होणें पुष्कळ अंशीं ह्यावरच अवलंबून असल्यामुळें मालकानें तो स्वतः समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

ऑनलाइन दुकानाचे दोन भाग असतात. एक कोठार, त्यांत मालाचीं नांवें, भाव, शिल्लक व आलेल्या मागण्या ह्यांची नोंद राहते. दुसरा दर्शनी भाग. गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडतो तो हा. थीम म्हणजे ह्या दर्शनी भागाची तयार रचना: रंग, अक्षरें, चित्रांची व बटणांची जागा. पैसे घेणें, माल पोंचविणें हीं कामें थीमचीं नव्हेत. तीं दुसऱ्या साधनांचीं. वर्डप्रेस ह्या साधनांत थीम बदलण्याची सोय २००५ सालीं आली, आणि त्यास जोडून चालणारें वूकॉमर्स २०११ सालीं निघालें. कॅनडांतील शॉपिफाय २००६ सालीं सुरू झालें. त्याच्या संस्थापकांपैकीं टोबियस ल्युट्के हा मूळचा दुकानदारच. बर्फावर घसरण्याच्या फळ्या विकतांना त्यास बाजारांतील तयार साधनें पसंत पडेनात, म्हणून त्यानें स्वतःचें रचलें. दोहोंतही कोठार तसेंच ठेवून दर्शनी भाग बदलतां येतो.

थीमबरोबर नमुन्याचें एक दुकान दाखविण्यांत येतें. त्यांतील छायाचित्रें कसबी छायाचित्रकारानें काढलेलीं, बहुधा कपड्यांचीं नाहीं तर घड्याळांचीं असतात. मोह पडतो तो त्या चित्रांचा. आणि आपलें दुकान उघडेल तेव्हां तेथें आपल्या पेटीचें चित्र असणार, तें नव्हे. पिशवीवरील कणीस पाहून बियाणें घेणारा शेतकरी शहाणा म्हणवीत नाहीं. थीमचेंही तसेंच आहे.

म्हणून प्रथम आपल्या मालाचा विचार करावा. हापूस आंब्याचें उदाहरण घेऊं. कोंकणच्या हापुसास २०१८ सालीं भौगोलिक चिन्हांकन मिळालें. हा माल थोड्या आठवड्यांचा, आणि त्याचे प्रकार फळाच्या आकाराप्रमाणें तीन-चारच. शेंकडों वस्तूंसाठीं रचलेली थीम येथें घेतली तर दुकान ओसाड दिसतें. बागाईतदारास हवें तें एवढेंच: एक मोठें स्वच्छ चित्र, डझनांची व आकाराची निवड, भाव, माल निघण्याचा दिवस, रोज बदलतां येईल अशी सूचनेची पट्टी, आणि हंगाम संपल्यावर तसें स्पष्ट सांगण्याची सोय. उलट हळद, डाळी, पापड, मसाले अशा चाळीस-पन्नास वस्तू ज्या संस्थेपाशीं आहेत, तिला वर्गवारी व शोधण्याची सोय अगोदर पाहिजे.

दुसरी गोष्ट वजनाची. गिऱ्हाईक बहुधा मोबाइलवरच दुकान पाहतें. सरकतीं चित्रें व उघडझांप करणारे फलक ह्यांनीं थीम जड होते, आणि मग नाकापेक्षां मोती जड अशी गत होते. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आंत दिसावा, असें गूगलचें प्रमाण आहे. त्याच कंपनीच्या पेजस्पीड इनसाइट्स ह्या विनामूल्य साधनानें नमुन्याचें दुकानही तपासतां येतें. मोबाइलनें काढलेलें छायाचित्र कित्येक मेगाबाइटांचें असतें. तें दोनशें किलोबाइटांच्या आंत आणून मगच चढवावें.

तिसरी गोष्ट आपल्या लिपीची. बहुतेक थीमा रोमन अक्षरें डोळ्यांपुढें ठेवून रचलेल्या असतात. मथळ्यांतील अक्षरें सुटीं सुटीं मांडण्याची तऱ्हा रोमन लिपीस शोभते. देवनागरींत तिनें शिरोरेषा तुटते. ओळींतील अंतर कमी असेल तर वेलांट्या व उकार एकमेकांस भिडतात. कांहीं अक्षरसंचांत ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठी वळणाचा संच लावतां येतो कीं नाहीं, तें पाहावें. बटणांवरील इंग्रजी शब्द काढून ‘टोपलींत घाला’, ‘पैसे भरा’ असे शब्द घालतां आले पाहिजेत.

कायद्यानें जें सांगावें लागतें त्यालाही ठळक जागा हवी. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांत विक्रेत्याचें नांव, पत्ता व माल परत घेण्याच्या अटी ह्यांचा समावेश आहे. बांधीव मालाचें निव्वळ वजन व कमाल किंमत दाखवावी लागते. आमरस, लोणचें असा प्रक्रिया केलेला माल असेल तर अन्नपरवान्याचा चौदा आंकडी क्रमांकही द्यावा.

येथें दोन धोके सांगून ठेवतों. कांहीं थीमा मालाचें वर्णन आपल्या खास चौकटींत लिहावयास लावतात. पुढें थीम बदलली कीं वर्णनाच्या जागीं कंसांतील निरर्थक खुणा उरतात. यास्तव वर्णन, वजन व भाव कोठाराच्या मूळ रकान्यांतच भरावे. दुसरें, विकत घ्यावयाची थीम एखाद्या अनोळखी ठिकाणीं फुकट मिळते म्हणून उतरवून घेऊं नये. तींत चोरवाट ठेवलेली असूं शकते, आणि तिच्यांतून गिऱ्हाइकांची माहिती परक्याच्या हातीं जाते. विनामूल्य थीमा वर्डप्रेस व शॉपिफाय ह्यांच्या अधिकृत संग्रहांतही मिळतात. शॉपिफायची २०२१ सालीं निघालेली डॉन ही त्यांपैकींच.

शेवटीं परीक्षा. नवें वाण आपण आधीं एका वाफ्यांत लावून पाहतों. त्याचप्रमाणें हंगामापूर्वीं निदान एक महिना दोन थीमा निवडाव्या. प्रत्येकींत आपलेच तीन जिन्नस, आपलींच छायाचित्रें व मराठी वर्णन भरावें. मग ज्यानें हें दुकान पूर्वीं पाहिलें नाहीं अशा माणसाच्या हातीं एखादा जुना मोबाइल देऊन मागणी नोंदविण्यास सांगावें, आणि आपण गप्प बसून पाहावें. तो जेथें अडखळेल तेथें गिऱ्हाईक परत फिरणार, हें निश्चित समजावें. जिच्यांत तो कमी अडखळेल ती थीम घ्यावी, मग ती दिसावयास साधी कां असेना. हंगाम चालू असतां मात्र तिला हात लावूं नये.

पिकलेलें फळ वाट पाहत नाहीं. गिऱ्हाइकास माल, भाव व मागणीचें बटण विनासायास सांपडलें, म्हणजे थीमचें काम झालें.