दिव्यदृष्टीच्या थापा

"चक नॉरिस रस्ता चुकला की नकाशाच दुरुस्त करून छापतात!" वसतिगृहात एका मित्राने थाप ठोकली. दुसरा म्हणाला, "अरे, गूगल अर्थ म्हणजे तरी काय? चक नॉरिसने गच्चीवरून एकदा खाली पाहिले, तेच!" खोली दणाणली. मीही हसलो, पण हा गृहस्थ कोण, हे मला ठाऊक नव्हते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. न कळता हसण्याची सवय झालेली. म्हणून या वेळी शोध घेतला.

चक नॉरिस म्हणजे १९७२ च्या 'वे ऑफ द ड्रॅगन' चित्रपटात ब्रूस लीशी झुंजलेला अमेरिकन कराटेपटू नट. २००५ च्या सुमारास अमेरिकेत त्याच्या नावावर अशा थापांचे पीक आले. गूगल अर्थही त्याच वर्षीचे. आपल्याकडे हाच मान रजनीकांतला मिळाला. गंमत अशी की या थापांना तिकडे 'विनोद' न म्हणता 'तथ्ये' म्हणतात. अशक्य गोष्ट गंभीर चेहऱ्याने सांगायची, यातच सारे हसू आहे.

आता थोडे गणित. निरोगी डोळ्याला दहा मीटरवरून सुमारे तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. त्या हिशेबाने ६१७ किलोमीटर उंचीवरून १८० मीटरपेक्षा लहान काही ओळखू येणार नाही. पण २०१४ साली सोडलेला 'वर्ल्डव्ह्यू-३' हा उपग्रह त्याच उंचीवरून ३१ सेंटिमीटरपर्यंतचा तपशील टिपतो. म्हणजे आपल्या नजरेच्या जवळजवळ सहाशेपट! वाचकहो, थापेपेक्षा सत्यच मोठे निघाले.

सुट्टीत आबांना, माझ्या वडिलांना, आमच्या शिवाराचे असे चित्र फोनवर दाखविले. आबा शाळेत गेलेले नाहीत. मित्रांत त्यांच्याविषयी बोलणे मी टाळीत असे. मी घर शोधत होतो, तोच ते म्हणाले, "ही आपली चिंच. हा बांध. अन् हे चित्र जुनं हाय. विहिरीवरची बाभळ अजून उभी दिसतीया."

बाभळ गेल्या पावसाळ्यात पडली होती. उपग्रहाने झाड पाहिले. चित्राचे वय मात्र आबांनी सांगितले.

परवा खोलीत थाप मारण्याची पाळी माझ्यावर आली. मी म्हणालो, "आमच्या आबांना आभाळातून काढलेले चित्र वाचता येते." सारे हसले. मग मी त्यांना बाभळीची गोष्ट सांगितली.