दारावर आकडा पडला, पण कागद कुठे आहे?

एके दिवशी सकाळी वस्तीत चारदोन माणसे येतात. हातात फाइल आणि रंगाचा डबा. दारावर आकडा टाकतात, घरात माणसे किती, रेशनकार्ड कोणाच्या नावावर, एवढे विचारून पुढच्या दाराकडे वळतात. पुरुष कामावर गेलेले. बाई विचारते, "भाऊ, हे कशासाठी?" उत्तर मिळते, "वरून आदेश आहे."

हे 'वर' म्हणजे नेमके कुठे? आज आम्ही त्याचाच पत्ता सांगणार आहोत. कारण पुष्कळदा तो मंत्रालयात संपत नाही. रस्ता, रेल्वे किंवा धरण परदेशी कर्जातून होत असेल, तर तो थेट अमेरिकेत, वॉशिंग्टनला जाऊन पोहोचतो. तिथे जागतिक बँकेचे मुख्य कार्यालय आहे. ही बँक आपल्या पासबुकाची बँक नव्हे, ती सरकारांना कर्ज देते. कर्ज सरकार घेते, फेडतो आपण. काडेपेटी विकत घेणारी बाईसुद्धा कर भरते, तेव्हा हिशेब विचारण्याचा तिला अधिकार नाही असे कोण म्हणेल?

मुंबईचेच उदाहरण घ्या. जून २००२ मध्ये मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी जागतिक बँकेने सुमारे ५४ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले. रेल्वेमार्ग वाढवायचे आणि सांताक्रूझ-चेंबूर व जोगेश्वरी-विक्रोळी हे जोडरस्ते करायचे, असा बेत होता. त्यापायी सुमारे १ लाख २० हजार माणसे हलवायची होती. एवढ्या माणसांना कुठे नेणार, कोणाला किती जागा देणार, हे सारे कागदावर लिहिलेले होते. पण ज्यांना हलवायचे त्यांच्यापैकी कितीजणांनी तो कागद पाहिला होता?

कुर्ला भागातील दुकानदारांना आणि इतर रहिवाशांना जे सांगितले गेले, ते त्यांना पटले नाही. वर्षानुवर्षे चालवलेल्या मोठ्या दुकानाच्या बदल्यात लहानसा गाळा, तोही दूर, जिथे गिऱ्हाईक नाही! २००४ मध्ये त्यांनी बँकेच्या तपासणी मंडळाकडे, म्हणजे इन्स्पेक्शन पॅनेलकडे, तक्रारी केल्या. मंडळाने चौकशी केली. डिसेंबर २००५ च्या अहवालात त्याने म्हटले, की हलवायच्या लोकांची संख्या आधी कमी धरली गेली, दुकानदारांचा प्रश्न दुर्लक्षित राहिला आणि लोकांपर्यंत माहिती नीट पोहोचली नाही. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचे पैसे थांबवले. काही महिन्यांनी ते पुन्हा सुरू झाले, हेही सांगितले पाहिजे. सगळे प्रश्न मिटले असा आमचा दावा नाही. पण कुर्ल्याच्या दुकानदाराचा अर्ज वॉशिंग्टनला वाचावा लागला, ही गोष्ट लहान नाही.

हे मंडळ १९९३ मध्ये स्थापन झाले, तेही लढ्यातूनच. सरदार सरोवर धरणात बुडणाऱ्यांमध्ये आपल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचे आदिवासीही होते. त्यांच्या आंदोलनाने बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली, आणि १९९३ मध्ये तिने त्या धरणातून अंग काढून घेतले. धरण मात्र झालेच.

आता माहिती मागायची कशी ते पाहू. १ जुलै २०१० पासून जागतिक बँकेचा नियम बदलला आहे. पूर्वी, काय दाखवायचे त्याची यादी असे. आता काय दाखवायचे नाही त्याची यादी आहे. त्या यादीत न बसणारा प्रत्येक कागद मागता येतो. व्यक्तींची खासगी माहिती, सरकारने विश्वासाने दिलेले गोपनीय कागद, बँकेतील अंतर्गत चर्चा, हे मिळत नाही. पुष्कळसे कागद बँकेच्या संकेतस्थळावर आधीच ठेवलेले असतात. वस्तीतील कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला शोधायला बसवा. प्रत्येक प्रकल्पाला एक क्रमांक असतो. तो सापडला की अर्धे काम झाले.

कागद नावाने मागावा, हे विसरू नका. 'प्रकल्पाची सगळी माहिती द्या' असा अर्ज परत येण्याचीच शक्यता जास्त. 'अमुक क्रमांकाच्या प्रकल्पाचा रिसेटलमेंट ॲक्शन प्लॅन द्या' असे लिहावे. म्हणजे पुनर्वसनाचा आराखडा. कोणाला किती जागा, कुठे, केव्हा, हे त्यातच असते. कर्जाचा करार आणि प्रगती अहवालही मागता येतात. अर्ज इंग्रजीत लिहिलेला बरा. ज्याचे घर जाणार त्याने परक्या भाषेत का विचारावे, हा प्रश्न आम्हालाही पडतो, पण तूर्त काम अडू देऊ नये. निनावी अर्ज घेत नाहीत. अर्ज ऑनलाइन किंवा टपालाने धाडता येतो. पोच ५ कामाच्या दिवसांत, उत्तर साधारण २० कामाच्या दिवसांत, असा नियम आहे. नकार आला तर ६० दिवसांच्या आत अपील करता येते. आशियाई विकास बँकेचे कर्ज असेल तर तिचे नियम वेगळे, म्हणून पैसा कोणाचा हे आधी विचारावे.

ते विचारण्याचा सोपा दरवाजा घराजवळच आहे. माहिती अधिकार कायदा २००५. तो जागतिक बँकेला लागू नाही, पण तिचे पैसे खर्च करणाऱ्या सरकारी खात्याला लागू आहे. अर्ज मराठीत चालतो. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, न मिळाल्यास त्याच खात्यातील अपिली अधिकाऱ्याकडे जावे. दोन्ही दरवाजे एकदमच ठोठवावेत. एकाने 'असा आराखडाच नाही' म्हटले आणि दुसऱ्याने तो हातात ठेवला, तर पुढचे बोलणे आपोआप सोपे होते. माहिती मिळूनही अन्याय दिसला, तर तपासणी मंडळाकडे दोन किंवा अधिक बाधित माणसे मिळून तक्रार करू शकतात. ती मराठीतही चालते आणि नावे गुप्त ठेवा अशी विनंती करता येते. मात्र कर्जाचे काम संपून फार काळ लोटला तर ती घेत नाहीत.

आयाबहिणींना एक सांगायचे आहे. दारावर आकडा टाकायला माणसे येतात तेव्हा घरात तुम्हीच असता. पाहणीची तारीख लिहून ठेवा, आलेल्यांचे खाते विचारा, तुमच्या घराची काय नोंद केली त्याची प्रत मागा. देत नसतील तर त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्यात दोन प्रश्न जरूर घाला: पाहणीची शेवटची तारीख कोणती, आणि नवे घर कोणाच्या नावावर होणार, एकट्या नवऱ्याच्या की दोघांच्या? अर्जाची पोच पावती रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा.