तार एकाची, वीज दुसऱ्याची

वीजबिल हातात आलं की आपण आधी तळाचा आकडा बघतो, मग युनिट. मधल्या ओळींकडे कुणी फिरकत नाही. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर राज्याचं १६ टक्के वीज शुल्क. मुंबईच्या उपनगरांत मात्र या ओळींवरून कोर्टकचेऱ्या झाल्या.

मुंबईचे वीज वितरक असे: कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, मुलुंड-भांडुपला महावितरण, बाकीच्या उपनगरांत बीएसईएस, तिचीच पुढे रिलायन्स आणि २०१८ पासून अदानी. टाटा १९१५ पासून खोपोलीच्या पाण्यावर वीज करत होते, पण त्यांचा धंदा मुख्यतः घाऊक. गिरण्या, रेल्वे आणि या वितरकांना ते वीज विकत. घरोघरी किरकोळ वीज देण्याचा हक्क त्यांना आहे का, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटांच्या बाजूने कौल दिला. २००३ च्या वीज कायद्याने एकाच भागात दोन परवानाधारकांना वाट मोकळी केलीच होती.

प्रश्न उरला तारांचा. एका गल्लीत दोघांनी खड्डे खणायचे, दोघांनी केबल टाकायच्या, हा शुद्ध उधळेपणा. म्हणून ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मधली वाट काढली: तारा रिलायन्सच्याच, वीज टाटांची. ग्राहकाने टाटांना विजेचे पैसे द्यायचे आणि तारेचं भाडं म्हणून वहन आकार रिलायन्सच्या पदरात पडायचा. ‘चेंजओव्हर’ हा शब्द तेव्हा सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर झळकू लागला.

टाटांची वीज स्वस्त, त्यामुळे आधी गेले ते जास्त युनिट जाळणारे. ते जास्त दर भरत म्हणून कमी वापराच्या घरांचा दर खाली राहत होता. क्रॉस सबसिडी म्हणतात ती हीच. आता भरणारे चालले आणि घेणारे मागे राहिले. शिवाय खर्च झाला पण दरात तेव्हाच वसूल होऊ दिला नाही, अशी जुनी थकबाकी रिलायन्सच्या वह्यांत साचली होती. नियामकांच्या भाषेत तिला ‘रेग्युलेटरी अ‍ॅसेट’ म्हणतात. उधारीला मालमत्ता म्हणण्याची ही तऱ्हा मला तरी फार आवडते! त्या थकबाकीची वीज सगळ्यांनी मिळून वापरलेली. मग दुकान बदललं म्हणून उधारी कशी फिटेल? २०११ मध्ये आयोगाने सोडून गेलेल्यांवरही क्रॉस सबसिडी अधिभार आणि या थकबाकीचा आकार बसवला. स्वस्ताईचा बराचसा नफा तिथेच विरला.

पुढच्याच वर्षी आयोगाने आणखी एक पाऊल टाकलं. टाटांनी काही काळ ३०० युनिटांपर्यंतचेच ग्राहक चेंजओव्हरने घ्यावेत, असा आदेश दिला. मलई काढून घ्यायची आणि ताक दुसऱ्याकडे सोडायचं, हे आयोगाला खपलं नाही. मला विचाराल तर रोग खरा होता, पण औषध उशिरा आलं. ग्राहकाला दुकान निवडायला सांगण्याआधी जुन्या उधारीचा वाटा ठरवायला हवा होता.

आता तोच पेच गच्चीवर चढला आहे. सौर पॅनेलवाला दिवसा स्वतःची वीज वापरतो, उरलेली ग्रीडला देतो आणि रात्री तीच तार वापरतो. आयोगाच्या २०१९ च्या नियमांनी राज्यात छतावरची सौर क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत ग्रीड वापरल्याबद्दलचा ‘ग्रीड सपोर्ट आकार’ लांबणीवर टाकला. बिलात आणखी एका ओळीची जागा तेव्हाच राखून ठेवली गेली.