नवी गाडी की जुनी? हरसूलच्या व्यापाऱ्याचा हिशेब

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे गुजरातच्या सीमेजवळचे बाजाराचे गाव. आजूबाजूच्या पाड्यांवरून गिऱ्हाईक येते. दुकानदाराला मात्र माल भरण्यासाठी घाटरस्त्याने त्र्यंबक आणि पुढे नाशिक गाठावे लागते. एस.टी.च्या वेळा आणि भाड्याच्या जीपचा खर्च यांना कंटाळून तो लहान चारचाकीचा विचार करू लागतो. मग प्रश्न येतो, शोरूममधून नवी घ्यावी की वापरलेली? याचे उत्तर केवळ किमतीत नाही. पैसा कुठून येणार, कागद कसे आहेत आणि गाडी कोणते काम करणार, या तीन गोष्टींवर ते ठरते.

पैसा कुठून येणार?

समजा नव्या गाडीसाठी ४ लाख रुपये कर्ज काढले, व्याज साडेनऊ टक्के, मुदत ५ वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ८,४०० रुपये बसतो. पाच वर्षांत ५ लाख ४ हजार भरावे लागतात, म्हणजे १ लाख ४ हजार निव्वळ व्याज. वापरलेल्या गाडीच्या कर्जावर तर व्याजदर सहसा याहून जास्तच असतो. पावसाळ्यात धंदा मंदावला तरी हप्ता थांबत नाही.

व्याजाबाबत शरीअतचा हुकूम आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. देशात बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने ठरवल्याचे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हा रोखीत बसेल तीच गाडी घ्यावी, हा सरळ मार्ग. रक्कम थोडी कमी पडली आणि नातेवाइकाकडून कर्जे-हसना घेतले, तर रक्कम व मुदत लिहून साक्षीदारांसमोर घ्यावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्येच आहे.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि वरचा सेसही गेला. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल व १५०० सी.सी.पर्यंतच्या डिझेल गाड्यांना ही सवलत आहे. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरायला हवा. "मी एवढ्याला घेतली होती" असे विकणारा सांगू लागला, तर त्याच्यापुढे आजची शोरूमची किंमत ठेवावी.

कागद आधी, गाडी नंतर

आर.सी.वरील इंजिन व चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहावेत. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. खरेदीदाराने ३० दिवसांत आर.टी.ओ.कडे अर्ज करावा. थकलेले चलान पाहावे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे की नाही, तेही पाहावे.

सीमेपलीकडची गाडी स्वस्त वाटते. नाशिकची पासिंग एम.एच.-१५, वलसाडची जी.जे.-१५, आकडा सारखा, पण राज्य वेगळे. गुजरातच्या गाडीसाठी तेथील आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र, महाराष्ट्रात नवी नोंदणी आणि येथला रोड टॅक्स असा खर्च पडतो. तो धरल्यावर बहुधा स्वस्ताई उरत नाही.

गाडीचे वयही मोजावे. नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतरच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली. व्यापाऱ्यांची आवडती मारुती ओम्नी २०१९ मध्येच बंद झाली, म्हणजे बाजारातली सगळ्यात नवी ओम्नीही आता सहा वर्षांहून कमी जुनी नाही.

मालातला ऐब सांगून विकणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, पण तपासून घेणे आपल्या हाती आहे. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि गाडी चढावर चालवून पाहावी. क्लच घसरतो का, इंजिन तापते का, उतारावर ब्रेक धरतो का, हे सपाट रस्त्यावर कळत नाही. आपल्याकडचा पाऊस पाहता गाडीखाली वाकून गंज बघणे तर सगळ्यात आधी.

काम कोणते, विमा कोणता?

येथे पुष्कळ जण फसतात. खासगी कारच्या विम्यात भाड्याचे प्रवासी नेणे बसत नाही. नमुने व खासगी सामान सोडून इतर माल वाहणेही बसत नाही. सीटवर पोती रचून आणली आणि घाटात अपघात झाला, तर दावा अडकू शकतो. नेहमी मालच आणायचा असेल तर मालवाहू पासिंगची लहान गाडीच घ्यावी. जी.एस.टी. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला नव्या मालवाहू गाडीवरील कराची वजावट मिळते. साध्या कारवर ती मिळत नाही.

कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो, आपल्या गाडीसाठी नव्हे. जुलै २०१५ मध्ये हरसूलने दंगल पाहिली, दुकाने जळाली. आग, चोरी, पूर आणि दंगल यांतले गाडीचे नुकसान केवळ पूर्ण विम्यात भरून मिळते. म्हणून जुनी गाडी घेताना तिचा पूर्ण विमा चालू आहे का ते पाहावे आणि १४ दिवसांत तो आपल्या नावे करून घ्यावा. विमा पहिल्या मालकाच्याच नावावर राहिला तर आपल्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

तर मग काय घ्यावे?

आठवड्यातून एक-दोन फेऱ्या असतील आणि माल थोडा असेल, तर चार ते सहा वर्षांची, एकाच मालकाची, एम.एच.-१५ पासिंगची गाडी रोखीत घ्यावी. किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम टायर, बॅटरी आणि ब्रेकसाठी वेगळी ठेवावी. गाडी रोज घाट चढणार असेल आणि पैसा हाती असेल, तर नवी घेणे शहाणपणाचे. वॉरंटीमुळे पहिली काही वर्षे निर्धास्त जातात. मात्र नव्या गाडीसाठी दुकानातले भांडवल काढू नये. दारात गाडी आणि दुकानात रिकामी फळी, असा सौदा कोणत्याच व्यापाऱ्याला परवडत नाही.