हात लुळा पडला, तर वर्षभर वाट पाहू नका

धुळे-जळगाव रस्त्यावर मोटारसायकल घसरते, खांदा आपटतो, मान ताणली जाते. हाड जुळते, जखम भरते. हात मात्र लोंबतच राहतो. मग मालिश, लेप, हाडवैद्य यांत वर्ष जाते. आमचे सांगणे आहे ते या वर्षाबद्दल.

मानेतून निघणारे पाच मज्जातंतू हात चालवतात. जबर झटक्याने ते मणक्यातूनच उपटले जातात, तेव्हा तिथे टाका घालता येत नाही. मग सर्जन चालू तंतूचा थोडा भाग उसना घेतात. पंजा शाबूत असेल, तर करंगळीकडे जाणाऱ्या तंतूतले थोडे धागे दंडाच्या बेटकुळीच्या तंतूला जोडतात. ही रीत फ्रान्सच्या डॉ. ओबर्लँ यांनी १९९४ मध्ये मांडली. पंजाची ताकद सहसा जात नाही. पाचही तंतू गेले असतील, तर बरगड्यांमधले तंतू घेतात. मग सुरुवातीला खोल श्वास घेतला की कोपर हलतो! मेंदू हळूहळू नवी वाट शिकतो.

तंतू दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. निरोप न मिळालेला स्नायू साधारण दीड वर्षात कायमचा निकामी होतो. म्हणून शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांत झालेली बरी.

अपघातानंतर तीन-चार आठवड्यांत हात हलला नाही, तर धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. ईएमजी तपासणीबद्दल विचारा, गरज पडल्यास मुंबईसाठी चिठ्ठी मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, ते आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.