पंगत आणि धर्मादा : हिंगोली परिसरातील स्थलांतरितांच्या दानव्यवहाराची भाषा

दान ही जशी अर्थव्यवहारातील क्रिया आहे, तशीच ती भाषेतीलही आहे. कोणी, कोणास, काय आणि कोणत्या नात्याने दिले, हे समाज ज्या शब्दांनी सांगतो त्या शब्दांतच देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे स्थान ठरून जाते. परमुलखातून येऊन एखाद्या प्रदेशात स्थिरावलेल्या समाजांच्या बाबतीत हा विचार विशेष उद्बोधक ठरतो. असा समाज प्रथम स्वतः नवागत असतो. कालांतराने तो स्थिरावतो, आणि मग मागून येणाऱ्या नवागतांना व आसपासच्या वंचित मुलांना साहाय्य करू लागतो. या साहाय्यासाठी तो आपल्याबरोबर आणलेले शब्द वापरतो. त्यांतील काही स्थानिक भाषेत रुजतात, तर काही त्या समाजापुरतेच राहतात. हिंगोली व तिच्या शेजारचे नांदेड यांच्या परिसरातील अशा काही शब्दांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संस्कृत व्याकरणात देण्याच्या क्रियेचा जो उद्देश असतो त्यास संप्रदान म्हणतात. त्याविषयीची वैयाकरणांची एक चर्चा येथे उपयोगी पडते. ब्राह्मणास गाय दिली, या अर्थाच्या वाक्यात ब्राह्मण हे संप्रदान होय व त्यास चतुर्थी लागते. परंतु परिटास वस्त्र दिले, येथे काहींच्या मते चतुर्थी लागत नाही, षष्ठी लागते. कारण वस्त्रावरील धन्याचा हक्क सुटलेला नसतो. स्वत्व सोडल्याखेरीज दान होत नाही, हा विचार येथे विभक्तीच्या योजनेत उतरला आहे. मराठीत ही सोय उरली नाही. परटाला कपडे दिले काय आणि विद्यार्थ्याला पुस्तके दिली काय, प्रत्यय ‘ला’ हाच. सबब मराठीत हा भेद शब्दसंग्रहावर येऊन पडतो. ‘भीक’ आणि ‘भिक्षा’ ही जोडी पहावी. मूळ एकच, परंतु तत्सम रूपास प्रतिष्ठा राहिली आणि तद्भव रूपाच्या वाट्यास तिरस्कार आला. ‘खैरात’ या शब्दाचा प्रवासही असाच. त्याच्या मुळाशी असलेला अरबी शब्द चांगुलपणाचा वाचक आहे. मराठीत मात्र ‘खैरात वाटणे’ म्हणजे अविचाराने उधळणे, असा अर्थ रूढ झाला. दान घेणाऱ्याविषयी समाजाच्या मनात असलेली अढी शब्दांना अशी चिकटते आणि शब्दांमधून पुन्हा घेणाऱ्यालाच चिकटते.

ज्या प्रदेशाचा येथे विचार करावयाचा, तो येण्याजाण्याचा प्रदेश आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु गावाचा इतिहास जुना आहे. निजामाच्या राज्यात हिंगोली येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती आणि कापसाची मोठी बाजारपेठ होती. छावणीबरोबर उत्तरेकडील शिपाई आले, बाजारपेठेबरोबर मारवाडी व गुजराती व्यापारी आले. शेजारी नांदेड येथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण झाले. पुढे महाराजा रणजितसिंहांच्या साहाय्याने १८३२ ते १८३७ या काळात तेथे गुरुद्वारा बांधला गेला, आणि गोदाकाठी शिखांची कायम वस्ती झाली. दक्खनी शीख म्हणून ओळखला जाणारा हा समाज पिढ्यान्‌पिढ्या दख्खनच्या भाषांच्या सहवासात वाढला आहे. उलट दिशेचा प्रवास त्याहूनही जुना. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले गेलेले नरसी हिंगोली जिल्ह्यात आहे. परंपरेनुसार नामदेव पंजाबात गेले व घुमान येथे राहिले. त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, आणि पंजाबातील भाविक आजही नरसीस येतात.

या प्रदेशात येणाऱ्यास आधार देण्याच्या ज्या रीती होत्या त्यांत तीन शब्द लक्षणीय आहेत : वार, धर्मादा आणि लंगर.

‘वार’ हा शब्द खास मराठी व्यवहारातला. शिक्षणासाठी परगावी आलेला गरीब मुलगा सात घरी सात दिवसांचे जेवण ठरवून घेई. यास वार लावून जेवणे म्हणत. माधुकरीत मुलगा घरोघर हिंडे. तो शब्द मधुकरावरून, म्हणजे भुंग्यावरून आला आहे, आणि फुलास न दुखविता थोडे थोडे घेणे ही त्यातील कल्पना. वार लावण्यात हिंडणेही उरले नाही. येथे दान दिवसाच्या नावाने ओळखले जाई, मुलाच्या गरजेच्या नावाने नव्हे. ‘आज आमच्याकडे त्याचा वार आहे’ या वाक्यात ‘त्याचा’ ही षष्ठी आहे, म्हणजे हक्काची विभक्ती आहे. मात्र या रीतीची मर्यादाही स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. वार बहुतांशी जातीच्या आत लागत. ज्या मुलांना शाळेची ओसरीही बंद होती, त्यांच्यासाठी आठवड्यात एकही वार नव्हता.

‘धर्मादा’ हा बाजारपेठेचा शब्द. मराठीतील ‘धर्मादाय’ व व्यापाऱ्यांचा ‘धर्मादा’ यांचे कूळ एकच. प्रत्येक सौद्यावर किंवा पोत्यामागे अल्प रक्कम वेगळी काढून ती चोपडीत निराळ्या खात्यास जमा करावयाची, आणि त्यातून धर्मशाळा, पाणपोई, पांजरपोळ, शाळा यांस द्यावयाचे, अशी ही पद्धत आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने या शब्दाचा न्यायालयीन इतिहास मोठा रंजक आहे. ‘धरम’ हा शब्द अर्थाने इतका मोघम आहे की त्यासाठी ठेवलेली देणगी अमलात आणता येणार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८९९ साली ठरविले होते. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, बिजली कॉटन मिल्सच्या प्राप्तिकराच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांच्या रूढीकडे पाहिले. ‘धर्मादा’ या शब्दास त्या रूढीत निश्चित अर्थ आहे, आणि या नावाने घेतलेली रक्कम पहिल्यापासूनच धर्मादायासाठी राखलेली असल्याने ते व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असे मत न्यायालयाने दिले. शब्दाचा अर्थ कोशात न शोधता वापरणाऱ्यांच्या व्यवहारात शोधावा, या तत्त्वाचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. वैयाकरणांच्या भाषेत बोलावयाचे तर रक्कम खात्यास पडताच व्यापाऱ्याचे स्वत्व निवृत्त होते. कोणाला द्यावयाचे हे ठरण्यापूर्वीच देणे घडून गेलेले असते.

याच व्यापारी समाजांनी नवागतांसाठी ‘बासा’ नावाची संस्था निर्माण केली होती. कलकत्त्यासारख्या शहरांत पेढ्यांच्या आश्रयाने सामायिक भोजनाची व राहण्याची सोय असे. राजस्थानातून आलेला तरुण तेथे उतरे, जेवे आणि धंदा शिके. मुंबईच्या गिरणगावात कोकणातील ग्रामस्थ मंडळांच्या सामायिक खोल्यांनी हेच कार्य केले. परंतु बासा आणि गावाची खोली या दोहोंत प्रवेशासाठी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे : तू कोणाचा, कोठला? आपल्या माणसास आपल्या माणसाने दिलेला तो हात होता. त्याचे मोल कमी नाही. पण त्याची कक्षा ठरलेली होती.

तिसरा शब्द ‘लंगर’. फारसीत या शब्दाचा मूळ अर्थ जहाज स्थिर करणारा नांगर असा आहे. पुढे सूफींच्या मठांतील अन्नछत्रास हा शब्द लागला आणि शीख परंपरेने तो आपलासा केला. वाटसरूस क्षणभर स्थिर करणारे स्थान, असा अर्थाचा दुवा येथे कल्पिता येतो. लंगराचा खर्च ‘दसवंध’ म्हणजे उत्पन्नाचा दहावा वाटा, यातून व इतर देणग्यांतून चालतो. ज्याच्यापाशी धन नाही तो ‘सेवा’ म्हणजे श्रम देतो. भांडी घासणारा हाही दाताच मानला जातो, हे येथे महत्त्वाचे.

लंगरात बसण्याच्या ओळीस पंजाबीत ‘पंगत’ म्हणतात. मराठीतही ‘पंगत’च म्हणतात, दोन्हींचे मूळ संस्कृत ‘पङ्क्ति’. परंतु रूप एक असून दोन्ही शब्दांचा सामाजिक इतिहास भिन्न आहे. मराठीने या शब्दाभोवती ‘पंक्तिभेद’, ‘पंक्तिप्रपंच’ असे शब्द रचले, म्हणजे ओळीत कोण बसणार व कोणाच्या पानात काय पडणार याचे वाद शब्दांत साठविले. पंजाबीत शीख परंपरेच्या ‘पंगत’ शब्दाने नेमका याच भेदाचा निषेध केला. तेव्हा नांदेडच्या पंगतीत मराठी मनुष्य बसला तेव्हा त्यास नवा शब्द शिकावा लागला नाही. जुन्या शब्दाचा दुसरा अर्थ मात्र अनुभवावयास मिळाला.

याहून सूक्ष्म गोष्ट वाक्यरचनेत आहे. ‘पंगत बसली’, ‘पंगत उठली’ या मराठी वाक्यांत दाता नाही आणि संप्रदानही नाही. क्रियापद अकर्मक आहे. जे बसले ते सर्व एकाच ओळीत. मराठीतील ‘वाढणे’ या क्रियापदाचेही तसेच. पानात अन्न घालणे आणि मोठे होणे, या दोन्ही क्रियांसाठी मराठीत एकच रूप आहे. आई वाढते आणि मूल वाढते, ही वाक्ये भाषेने शेजारी ठेवली आहेत.

या शब्दांची कसोटी २०२० साली लागली. टाळेबंदीत नांदेड येथे पंजाबातील हजारो यात्रेकरू अडकून पडले, आणि त्याच काळात मजुरांचे तांडे महामार्गांनी पायी घराकडे निघाले. यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ राष्ट्रीय महामार्गावर नांदेडच्या गुरुद्वाऱ्याशी संबंध असलेला एक लंगर अनेक वर्षांपासून चालत आला आहे. तेथील एक्याऐंशी वर्षांच्या सेवेकऱ्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी दहा आठवड्यांत सुमारे वीस लाख लोकांस अन्न दिल्याचे वृत्तसंस्थांनी त्या वेळी नोंदविले. त्यासाठी परदेशातील शीख बांधवांनीही देणग्या पाठविल्या होत्या. येथे देणारे स्थलांतरित आणि घेणारेही स्थलांतरित. पानावर बसणाऱ्यास नाव, गाव वा जात विचारण्याची रीत या संस्थेत नाही, म्हणूनच इतक्या मोठ्या संख्येस ती पुरी पडली. नोंदवहीत प्रथम पात्रता लिहून मग अन्न देणारी व्यवस्था अशा प्रसंगी किती धिमी पडते, हे सांगणे नको.

तथापि एका जेवणाने मूल शिकत नाही. शिक्षणाचे साहाय्य दीर्घकाळ द्यावे लागते. त्यासाठी मूल कोण, त्याची गरज काय, हे विचारावेच लागते. मग भाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेले ‘अनाथ विद्यार्थी गृह’ आज ‘पुणे विद्यार्थी गृह’ या नावाने ओळखले जाते. कार्य तेच, परंतु ज्या विशेषणामुळे मुलाच्या माथी त्याची स्थिती आयुष्यभर लिहिली जाई, ते विशेषण गळाले.

नवागतास परमुलखाने दिलेला हात किती दूर पोहोचतो, याचे एक उदाहरण हिंगोली जिल्ह्यातच आहे. कडोळी येथे १९१६ साली जन्मलेले नानाजी देशमुख गरिबीत वाढले आणि शिक्षणासाठी राजस्थानात गेले; सीकरच्या रावराजांनी त्यांस छात्रवृत्ती दिली. हिंगोलीच्या पेठेत जेथून व्यापारी आले, त्याच प्रांताने हिंगोलीच्या मुलास आधार दिला. पुढे ते उत्तर प्रदेशात कार्यरत झाले, आणि १९९१ साली चित्रकूट येथे ग्रामोदय विश्वविद्यालय उभे राहिले ते त्यांच्या पुढाकाराने. परदेशस्थ मराठी लोकांच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. १९७८ साली अमेरिकेत स्थापन झालेले महाराष्ट्र फाउंडेशन तेथे गोळा झालेला निधी महाराष्ट्रातील सामाजिक संस्थांकडे पाठवीत आले आहे.

आज मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी दरवर्षी असंख्य कुटुंबे बाहेर पडतात. त्यांची मुले फडावर गेली तर परगावी नवागत ठरतात, गावी राहिली तर आईबापांविना राहतात. त्यांच्यासाठी ‘साखरशाळा’ आणि ‘हंगामी वसतिगृह’ हे दोन शब्द मराठीत घडले आहेत. पहिला कामाच्या स्थळावरून, दुसरा काळावरून. मुलाच्या दैन्यावरून एकही नाही. वार लावण्याच्या जुन्या रीतीतील विवेक येथे, जातीची चौकट ओलांडून, पुन्हा दिसतो.

स्थलांतरितांच्या दानव्यवहाराकडे पाहताना किती दिले याची मोजदाद अर्थशास्त्र करील. भाषेच्या अभ्यासकाने घेणाऱ्यास कोणत्या शब्दाने संबोधिले, हे पाहावयाचे आहे. धर्मादा देणाऱ्याचे नाव चोपडीतील खात्यात मिटवितो. वार घेणाऱ्याची गरज दिवसाच्या नावाआड ठेवतो. पंगत दोघांसही एका ओळीत बसविते. ज्या समाजास स्वतः परका असण्याचा अनुभव आहे त्याने घडविलेला शब्द स्थानिक भाषेने स्वीकारला, तर त्या शब्दाबरोबर तो अनुभवही स्वीकारला जाण्याची शक्यता असते. मराठीने ‘लंगर’ हा शब्द घेतला आहे. त्याच्या पंगतीतला समभाव ‘पंगत’ या आपल्या जुन्या शब्दात ती किती उतरविते, हे ऊसतोडीहून परतलेले मूल शाळेच्या ओळीत कोठे बसते यावरून कळेल.