आरसा, तीट आणि ‘मी’

आरशातलं बाळ म्हणजे आपणच, हे लहान मुलाला कधी कळतं? या प्रश्नाचं मानसशास्त्रातलं सर्वांत प्रसिद्ध उत्तर एका ठिपक्यावर उभं आहे. १९७० साली गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींना रंगाचा ठिपका लावून आरशापुढे आणलं. १९७२ मध्ये ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी मुलांच्या नाकावर लाल रंग लावून तसाच प्रयोग केला. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान बरीच मुलं आरशात पाहून स्वतःच्या नाकाकडे हात नेतात. त्याआधी आरशातलं मूल त्यांना खेळगडी वाटतं.

हे वाचून मीही भाचीच्या बावीस महिन्यांच्या लेकीच्या नाकाला हळूच कुंकू लावलं. पोर आरशात बघत राहिली, पण नाकाला हात लावेना. माझा पडलेला चेहरा पाहून भाची म्हणाली, “मामा, तिला आम्ही रोज तीट लावतो. पुसायला गेली की ओरडतो. ती कशाला हात लावेल?” तेवढ्यात आरशाकडे बोट दाखवून पोर म्हणाली, “पिऊला तीट!”

तिनं स्वतःला ओळखलं होतं. लावलेला ठिपका पुसायचा असतो, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही केनियातली बहुतेक मुलं, अगदी पाच-सहा वर्षांचीसुद्धा, आरशापुढे नुसती थबकून उभी राहिली. त्यांना ‘स्व’ नाही, असं कोण म्हणेल? मोजपट्टीलाही घरचं वळण असतं.

तरी ‘पिऊला’पासून ‘मला’पर्यंतची वाट अवघड आहे. नाव एकाचंच असतं. ‘मी’ मात्र बोलेल त्याचा. आई स्वतःला ‘मी’ म्हणते, बाबाही म्हणतात. पिऊला सगळे ‘तू’ म्हणतात. म्हणून काही मुलं स्वतःला हवं असताना “तुला पाहिजे” म्हणतात. मराठीत आणखी एक गाठ आहे : ‘मी जातो’ की ‘मी जाते’? ‘मी’ म्हणताच क्रियापदातून मुलगा की मुलगी, तेही सांगावं लागतं. भावांत वाढणारी मुलगी “मी येतो” म्हणते आणि मोठी माणसं हसून दुरुस्त करतात. मुलाचा ‘मी’ असा इतरांच्या हाकांतून आणि दुरुस्त्यांतून घडत जातो.

परवा पिऊनं तीट लावू दिली नाही. काजळाची डबी हिसकावून म्हणाली, “मी लावतो!” कुणी दुरुस्त करायच्या आत गालभर काजळ फासलं होतं.